नुसती प्रोजेक्ट फाईल पाठवू नका

मंडळी, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते सांगलीत मी वेगळं सांगायला नको. तिथूनच जवारी काढून (तारांखालची घोडी घासून आवाज खुलवून) आणलेला तानपुरा आम्ही मागच्या पावसाळ्यात रेकॉर्ड केला, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि मी रात्री नुसती प्रोजेक्ट फाईल साताऱ्याच्या तबलजी मित्राला मेल केली. सकाळी फोन, अरे, ट्रॅक दिसतायत पण आवाज कुठाय?

चूक माझीच होती. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर असो नाहीतर क्यूबेस, प्रोजेक्ट फाईलमध्ये आवाज नसतोच, कुठली क्लिप कुठे ठेवलीय, किती कापलीय, आवाजाची पातळी किती, एवढीच नोंद असते, म्हणून ती आवाजाच्या फाईलींच्या मानाने छोटी असते. खरा आवाज वेगळ्या वेव्ह फाईलींत, आणि 24 बिट 48 किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण 8.6 एमबी खातो, म्हणजे आठ मिनिटांचे बारा ट्रॅक झाले की 800 एमबीच्या वर. तेव्हा मेलमध्ये बसतंय म्हटलं की तिथेच शंका यायला हवी! रीपरमध्ये सेव्ह अ‍ॅज करताना सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची टिक असते, एबलटनमध्ये कलेक्ट ऑल अँड सेव्ह, ते करून अख्खा फोल्डर झिप करा आणि ड्राइव्हवर टाका.

पण समोरच्याकडे तुमचं सॉफ्टवेअर नसेल, प्लगइन (त्याला जोडायची इफेक्टची सॉफ्टवेअर) नसतील तर? तर प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून वेव्हमध्ये काढा, तबला दुसऱ्या मिनिटाला सुरू होत असला तरी आधीच्या शांततेसकट, मग समोरचा ते कशातही ओढून टाकेल, सगळं जागच्या जागी बसेल. एमपी3 नको, त्यात सुरुवातीला काही मिलिसेकंदांची रिकामी जागा घुसते आणि तबल्याच्या समेला ती कानाला टोचते.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो किलोहर्ट्झचा आकडा, मात्र लिहून कळवाच, हे मी परत परत सांगतो. 48 ची फाईल कुणी रूपांतर न करता 44.1 वर वाजवली तर गाणं हळू होतं आणि जवळजवळ दीड सेमिटोनने, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीने उतरतं, म्हणजे पेटीच्या काळी एक पट्टीत लावलेला तानपुरा ना पांढरी एकचा राहतो ना पांढरी सातचा, आणि त्यावर बिचारा तबलजी हातोडी घेऊन तबला लावत बसतो! खूप सॉफ्टवेअर आपणहून रूपांतर करतात, पण सगळ्यांवर विसंबून नका राहू. झिपमध्ये एक साधी टेक्स्ट फाईल ठेवा, पट्टी, लय, सॅम्पल रेट, कुठला टेक शेवटचा.

आणि पाठवायच्या आधी ती झिप घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा, स्वतःच्या मशीनवर नाही, कारण तिथे जुन्या जागच्या फाईली सापडतात आणि सगळं बरोबर वाजतं. समोरच्याचा, उघडलं, वाजलं, असा फोन येईपर्यंत आपल्याकडची मूळ रेकॉर्डिंग हलवू नका.