तेलाचं लिटर आणि तेलाचा किलो

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी तोंडावर आली की घरोघरी तेलाच्या डब्याची चौकशी सुरू होते. आज त्या डब्याबद्दलच बोलायचं आहे. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर एक आकडा लिहून ठेवा: ९१०.

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हे आपण शाळेत शिकलो. तेल मात्र पाण्यापेक्षा हलकं. आमटीवर तवंग येतो तो त्यामुळेच. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, करडई, कुठलंही घ्या, पाच-दहा ग्रॅम इकडे तिकडे. लिटरचे किलो करायचे तर ०.९१ नं गुणायचं, किलोचे लिटर करायचे तर ०.९१ नं भागायचं. म्हणजे एक किलो तेल घेतलंत, तर ते एक लिटर शंभर मिलीच्या आसपास होतं.

हे मला ठाऊक होतं, तरी गेल्या दिवाळीत आमच्या बचत गटाची फसगत झालीच. चकलीची मोठी ऑर्डर होती. एका दुकानात डबा २,४०० रुपयांना, दुसरीकडे २,२५० ला. दोन्हीकडे 'पंधराचा डबा' असंच सांगितलं. आम्ही दीडशे रुपये वाचले म्हणून स्वस्तातला उचलला. शेवटच्या दिवशी भाजणी शिल्लक आणि कढईत तेल तळाला! तेव्हा डबा फिरवून पाहिला. बारीक अक्षरांत छापलं होतं: १५ लिटर, १३.६५० किलो. महाग वाटलेला डबा होता १५ किलोचा. म्हणजे आमच्या डब्यात १ किलो ३५० ग्रॅम तेल कमी. हिशेब केला, तर महागाचा डबा १६० रुपये किलो पडत होता आणि आमचा जवळजवळ १६५. छापलेलं सगळं खरं होतं, आम्हीच वाचलं नव्हतं. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, कारण ते पैसे दहा बायकांच्या कष्टाचे होते.

आता यात आणखी एक गोम आहे. तेल तापलं की फुगतं. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. म्हणजे जास्त तापमान गृहीत धरून लिटर छापलं, तर पिशवीत तेल कमी जाणार. म्हणूनच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ऑगस्ट २०२२ मध्ये उत्पादकांना सांगितलं, की तापमानाचा उल्लेख न करता माप छापा आणि सोबत वजनही द्या. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली होती. तेल तापो की गार होवो, वजन बदलत नाही. थंडीत खोबरेल गोठून बाटलीत खाली बसतं, तेव्हाही ग्रॅम तेवढेच असतात.

स्वयंपाकघरातही हेच. मोठा चमचा १५ मिलीचा, त्यात तेल पावणेचौदा ग्रॅम. छोटा ५ मिलीचा, त्यात साडेचार. कृतीत किलोभर पिठाला शंभर ग्रॅम मोहन सांगितलं असेल, तर मापात ते ११० मिली घ्यायचं, आणि गार असतानाच मोजून मग कडकडीत करायचं. गरम तेल पळीनं मोजलं तर मोहन कमी पडतं आणि चकली कडक होते.

पिशव्यांचंही बघा. शेजारी शेजारी ठेवलेल्या, दिसायला सारख्याच. पण एक ९१० ग्रॅमची, दुसरी ८०० ची. किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार. मोबाइलवर दहा सेकंदांचं काम. दुकानदाराला सरळ विचारा, "दादा, किलोला काय पडलं?"

आमच्या गटाच्या वहीत यंदा तेलाचा रकाना किलोचाच आखलाय. पहिली नोंद कालच झाली: डबा एक, निव्वळ वजन १५ किलो, वाचून घेतला. नमस्कार.