डोक्यामागे पन्नास एकर

सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. व्हर्जिनिया या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीतलं, सतराव्या शतकातलं एक मृत्युपत्र वाचत होतो. त्यात थोडी जमीन 'सन-इन-लॉ'ला ठेवलेली. मी जावई धरला आणि तीन आठवडे त्याच्या बायकोला, म्हणजे मयताच्या मुलीला शोधत बसलो. ती मुलगी जन्मालाच आलेली नव्हती! त्या काळी हा शब्द सावत्र मुलालाही लावत. 'कझिन' हा पुतण्या निघू शकतो. आणि एकाच नावाचे 'सीनियर' आणि 'ज्युनियर' दिसले तर ते बापलेक असतीलच असं नाही. एक वयाने मोठा, दुसरा लहान, इतकंच.

व्हर्जिनियात जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८५३ पासूनची. त्यामुळे वसाहतीच्या काळातला पूर्वज हवा असेल तर जमिनीचे कागद आणि मृत्युपत्रं उलगडायला लागतात. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे कागद माणसाची आठवण राहावी म्हणून कुणी केलेले नाहीत. ते जमिनीसाठी केलेत. माणूस त्यात वाटेत भेटतो, आणि तोही बरेचदा शेजाऱ्याच्या कागदात. चतुःसीमा आपल्या खरेदीखतात असते तशीच तिथेही असते: अमुक ओढ्यापासून खूण केलेल्या पांढऱ्या ओकपर्यंत, तिथून तमक्याच्या हद्दीपर्यंत. तो 'तमका' म्हणजेच कदाचित तुम्ही शोधत असलेला माणूस.

आता एकच माणूस घेऊ. अँथनी जॉन्सन. १६२० च्या दशकातल्या वसाहतीच्या शिरगणतीत 'अँटोनियो, निग्रो' असं नाव येतं, १६२१ साली 'जेम्स' जहाजातून आलेला. मेरी नावाची बाई, जी पुढे त्याची बायको झाली, ती त्यानंतरच्या वर्षी आली. आडनाव नाही, गाव नाही. हाच पुढे अँथनी जॉन्सन झाला, हे अभ्यासकांनी मागून जुळवलेलं.

१६५१ मध्ये त्याच्या नावावर २५० एकर जमीन दिसते, नॉर्थम्प्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर. नियम असा होता की वसाहतीत माणूस आणण्याचा खर्च करणाऱ्याला डोक्यामागे पन्नास एकर मिळत. म्हणून त्याच्या सनदेत पाच नावं आहेत. वंशावळ शोधणारे इथे हमखास फसतात. यादीत नाव सापडलं की 'पूर्वज १६५१ ला उतरला' असं वहीत लिहून मोकळे होतात. हे हक्क विकले जात, वर्षानुवर्षं पडून राहत, कधी एकाच माणसावर दोनदा जमीन उचलली जाई. अँथनीच्या पाच नावांत एक 'रिचर्ड जॉन्सन' आहे, आणि त्याच्या मुलाचं नावही रिचर्डच. सनद कुणाचं नातं सांगत बसत नाही. पुढे १६५४ मध्ये रिचर्डला स्वतःची १०० एकर मिळाली, तीही अशीच, दोन डोक्यांवर.

मधे त्याच्या शेतावर आग लागली आणि कुटुंबाने कोर्टात अर्ज केला. कागदावर साल १६५२ दिसतं, महिना फेब्रुवारी. पण १७५२ पर्यंत इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे आपल्या हिशेबाने ते १६५३. वर्षाची ही चूक किती वंशावळीत आहे म्हणून सांगू! कोर्टाने मेरीला आणि दोन मुलींना डोईपट्टी जन्मभर माफ केली. गोऱ्या बायकांना ही पट्टी मुळात नव्हतीच, काळ्या बायकांना होती. म्हणून या माफीमुळेच आपल्याला मुली दोन होत्या हे कळतं. मृत्युपत्र नाही, जन्मनोंद नाही, पण करमाफीत घर मोजलं गेलं.

आणि हा माणूस साधुसंत नव्हता, हेही त्याच काउंटीच्या वह्या सांगतात. जॉन कॅसर नावाच्या काळ्या माणसावर त्याने आपला हक्क सांगितला, आणि १६५५ मध्ये कोर्टाने कॅसरला त्याच्याकडे परत पाठवलं. वंशज शोधणाऱ्याला हे पान नको असतं. पण वही तीच, हस्ताक्षरही बहुधा त्याच कारकुनाचं.

सुदैव एवढं की नॉर्थम्प्टनच्या कोर्टाच्या वह्या १६३२ पासून सलग टिकल्यात. अमेरिकेत इतक्या जुन्या सलग वह्या दुसरीकडे नाहीत. बऱ्याच काउंट्यांनी आपली दप्तरं यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून राजधानी रिचमंडला पाठवली, आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये रिचमंडच जळलं.

१६६० च्या दशकात जॉन्सन कुटुंब मेरीलँडला गेलं. तिथे ३०० एकर भाडेपट्ट्याने घेतली, नाव 'टोनीज व्हिनयार्ड'. व्हर्जिनियातली बरीच जमीन विकली, पन्नास एकर रिचर्डसाठी ठेवली. १६७० च्या वसंतात अँथनी वारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात ज्युरी बसली. निकाल असा: जॉन्सन निग्रो, म्हणून परका, म्हणून त्याची जमीन सरकारजमा होऊ शकते. सनद देताना हा प्रश्न कुणी काढला नव्हता. एकोणीस वर्षांत कायद्याची नजर किती फिरली, हे मला इतिहासाच्या कुठल्याही ग्रंथापेक्षा या दोन कागदांनी जास्त शिकवलं. रिचर्डचे पन्नास एकर गोऱ्या शेजाऱ्याकडे गेले.

मेरीने पट्टा नव्याने करून घेतला, ९९ वर्षांचा. १६७२ मध्ये नातवांच्या नावे गाई लिहून दिल्या. बाईची स्वतःची अशी हालचाल या वह्यांत फार क्वचित दिसते, एरवी नवऱ्याने जमीन विकताना तिला बाजूला घेऊन संमती विचारत, तेवढ्यापुरतं तिचं नाव.

१६७७ मध्ये जॉन नावाच्या नातवाने चव्वेचाळीस एकर विकत घेतली. आजोबा नेमके कुठून आले, याचा अंदाज आज अभ्यासक बांधतात तो मुख्यतः या तुकड्याच्या नावावरून. नातवाने त्याला नाव दिलं 'अंगोला'.