हायब्रिड घेताना नंबर नव्हे, अंश बघा

[दृश्य: गोल्फच्या सरावाच्या मैदानावर शेजारी शेजारी ठेवलेले तीन क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या.]

डावीकडे जुन्या धाटणीचा थ्री आयर्न, पात्यासारख्या पातळ डोक्याचा. उजवीकडे सेव्हन वूड, फुगीर डोक्याचा. मधे या दोघांचा संकर, थ्री हायब्रिड. तिघांचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) मागे झुकलेला कोन, जवळपास सारखाच आहे: २१ अंश. तरीही एकाच खेळाडूने मारलेले तीन चेंडू तीन वेगळ्या ठिकाणी पडतात.

थ्री आयर्नचं डोकं अरुंद आणि वजन फेसला चिकटून. चेंडू उंच चढवायचा तर स्विंगला वेग हवा आणि फटका मधोमध बसायला हवा. फक्त रविवारी सकाळी खेळणाऱ्याला या दोन गोष्टी एकाच फटक्यात क्वचितच साधतात. हायब्रिडचं डोकं आतून पोकळ असतं, वजन खाली आणि मागे सरकवलेलं. त्यामुळे चेंडू कमी कष्टांत वर जातो आणि फटका थोडा टोकाकडे बसला तरी अंतर फारसं घटत नाही. शाफ्ट, म्हणजे दांडा, आयर्नपेक्षा साधारण अर्धा ते एक इंच लांब, म्हणून वेग थोडा जास्त मिळतो. सेव्हन वूडपेक्षा मात्र तो आखूड, म्हणून ताबा राहतो.

[दृश्य: ओल्या, दाट गवतात रुतलेला चेंडू.]

पावसाळ्यात चेंबूरला किंवा येरवड्याला खेळलेल्यांना हे गवत ओळखीचं वाटेल. इथे लाँग आयर्न, म्हणजे थ्री-फोरसारखा कमी नंबरचा आयर्न, घातला की गवत त्याच्या मानेभोवती गुंडाळलं जातं, फेस डावीकडे वळतो आणि चेंडू वीस पावलांवर जाऊन बसतो. हायब्रिडचा रुंद तळ गवतावरून सरकत जातो. गवत फारच खोल असेल तर मात्र निमूटपणे वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारा आखूड क्लब, काढावा आणि चेंडू फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, आणावा. हायब्रिड जादू करत नाही.

कल्पना तशी जुनी आहे. १९७५ मध्ये कोब्रा कंपनीने ‘बॅफलर’ नावाचा छोटेखानी वूड आणला. रफमधून, म्हणजे अशा दाट गवतातून, निघावं म्हणून त्याच्या तळाला दोन उंच पट्ट्या होत्या. पण आज आपण ज्याला हायब्रिड म्हणतो तो क्लब घराघरांतल्या बॅगेत शिरला तो २००० नंतर.

[दृश्य: स्कॉटलंडचा समुद्रकिनारा, रॉयल ट्रून.]

जुलै २००४. ब्रिटिश ओपन. जपानच्या टूरवर, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धांत, वर्षानुवर्षं खेळलेला अमेरिकेचा टॉड हॅमिल्टन प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक लढतीत, उभा आहे आणि समोर आहे तीन मेजर (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी) जिंकलेला एर्नी एल्स. चार होलच्या प्लेऑफचा शेवटचा होल, हॅमिल्टन एका फटक्याने पुढे, पण चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, अलीकडेच थांबलेला. अशा जागेवरून बहुतेक खेळाडू वेज काढतील. हॅमिल्टन हायब्रिड काढतो आणि पटिंगसारखा, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे हलकेच घरंगळवतात तसा, छोटा स्विंग करतो. चेंडू कडक जमिनीवरून घरंगळत जातो आणि होलपासून जेमतेम दोन-तीन फुटांवर थांबतो. एल्सचा पट हुकतो, हॅमिल्टन आपला घालतो आणि विजेता ठरतो.

[दृश्य: अमेरिकेतलं मिनेसोटा, हेझल्टाइन.]

ऑगस्ट २००९. पीजीए चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस. टायगर वुड्स दोन फटक्यांच्या आघाडीने सुरुवात करतो. तोवर मेजरच्या शेवटच्या दिवशी आघाडीवर राहून तो १४ वेळा उतरला होता आणि चौदाही वेळा जिंकला होता. पण अठराव्या होलवर दक्षिण कोरियाचा वाय. ई. यांग एका फटक्याने पुढे आहे. ग्रीनपर्यंत अंतर २०६ यार्ड. यांग थ्री हायब्रिड मारतो. चेंडू उंच जातो, ग्रीनवर उतरतो, होलजवळ थांबतो आणि यांग बर्डी करतो, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी घेतो. आशियात जन्मलेल्या पुरुष खेळाडूने जिंकलेली ती पहिली मेजर.

एकाने हाच क्लब जमिनीलगत वापरला, दुसऱ्याने उंच आभाळात. दुकानात गेल्यावर ‘चांगला हायब्रिड कोणता?’ असं विचारण्याआधी आपल्याला तो कशासाठी हवाय हे ठरवावं लागतं ते यामुळेच.

[दृश्य: दोन हायब्रिडचे तळ, जवळून. एकावर ३, दुसऱ्यावर ४ कोरलेलं.]

नवखे खेळाडू फसतात ते इथे, नंबरवर. फोर आयर्न काढला, फोर हायब्रिड घातला, झालं काम, असं वाटतं. होत नाही. पूर्वी सेव्हन आयर्न ३४-३५ अंशांचा असे. आता हौशी खेळाडूंसाठीच्या काही संचांत तो २८ ते ३० अंशांचा असतो आणि फाइव्ह आयर्न तर बावीस-तेवीसवर येतो. बाजारातला फोर हायब्रिडही बावीस-तेवीसचाच! म्हणजे पैसे मोजून तुम्ही जवळपास एकाच अंतराचे दोन क्लब घेऊन फिरणार. अंकांचं हे राजकारण कंपन्यांना सोयीचं आहे, आपल्याला नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तो करावाच. सरावाच्या मैदानावर तुमचा भरवशाचा सर्वांत लांब आयर्न आणि सर्वांत लहान फेअरवे वूड न्या. प्रत्येकी दहा-बारा चेंडू मारा. सर्वांत चांगला फटका विसरा, सर्वांत वाईटही विसरा. उरलेले चेंडू घरंगळून कुठवर गेले हे बघू नका, हवेतून कुठवर गेले ते बघा, म्हणजे कॅरी. सरावाचे झिजलेले चेंडू कमी जातात, पण दोन क्लबांची तुलना त्यांच्यावर होते. समजा आयर्न १५० यार्ड आणि वूड १८० यार्ड. मधे तीस यार्डांचं खिंडार. तुमचा हायब्रिड १६५ च्या आसपास जायला हवा, मग त्यावर कोरलेला आकडा तीन असो की पाच.

[दृश्य: खेळाडूचा स्विंग, संथ गतीत.]

आता आकार. चेंडूवर वरून खाली मारणाऱ्याला, म्हणजे आयर्न मारताना जमिनीचं ढेकूळ उडवणाऱ्याला, अरुंद आणि आयर्नसारखा हायब्रिड रुचतो. चेंडू झाडल्यासारखा उचलणाऱ्याला मागे फुगीर, वूडसारखा बरा. ज्यांचा चेंडू आधीच डावीकडे वळतो अशा उजव्या हाताच्या खेळाडूंनी जरा जपावं. अनेक हायब्रिड चेंडू डावीकडे नेण्याकडे झुकलेले असतात. स्लाइसने, म्हणजे चेंडू उजवीकडे वळण्याने, हैराण झालेल्यांना मात्र तेच वरदान.

शाफ्टचा ताठपणा सांगणाऱ्या आर (रेग्युलर), एस (स्टिफ) या अक्षरांवर माझा फारसा विश्वास नाही. सगळ्या कंपन्यांचं मोजमाप सारखं नसतं. वजन बघा. हायब्रिडचा शाफ्ट तुमच्या वूडपेक्षा जड आणि आयर्नपेक्षा हलका, कुठेतरी मधोमध असला की हाताला परका वाटत नाही.

आणि सगळ्यांना हायब्रिड हवाच असंही नाही. स्विंग वेगवान असेल, वाऱ्यात खेळायचं असेल, तर चेंडू खाली ठेवणारा ड्रायव्हिंग आयर्न कामाचा. काहींना वूडच बरा वाटतो: २०२० ची मास्टर्स जिंकताना डस्टिन जॉन्सनच्या बॅगेत सेव्हन वूड होता.

[दृश्य: पहिल्या टीजवळ, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेजवळ, उभी केलेली बॅग.]

चाचणीसाठी आणलेला क्लब घेऊन थेट फेरीला निघाल तर आधी बॅग मोजा. नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी इयान वूस्नमने पहिल्याच होलला बर्डी केली. दुसऱ्या टीवर कळलं की सरावात वापरून पाहिलेला जादा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा वूड) बॅगेतच राहिलाय, क्लब पंधरा आहेत. दंड दोन फटके. आघाडीत असलेला वूस्नम अखेर संयुक्त तिसरा आला.