कशेळीचा हत्ती, सुतळी आणि चार खुणा

(ड्रोन, बरोबर डोक्यावरून)

हा कशेळीचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी. जांभ्या कातळात कोरलेला हा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. खाली उभं राहिलात तर नुसत्या रेघा दिसतात, हत्ती बघायचा तर असं वर यावं लागतं. आता पोटात बघा, मासे, पक्षी, प्राणी, एकाला लागून एक.

ड्रोन जागच्या जागी उजवीकडे फिरतोय म्हणून चित्र डावीकडे फिरतंय, पण सोंड आहे तेवढीच लांब आहे आणि पायापासून पोटापर्यंतचं अंतरही तेवढंच. बाजूला सरकलो, हत्ती स्क्रीनच्या कडेला गेला, तरी माप तेच. फिरवा, सरकवा किंवा आरशात दिसतं तसं उलटवा, कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर हलत नाही, आकृती एकरूप राहते.

(किनारा, ओल्या वाळूतली पावलं)

डावं पाऊल नुसतं फिरवून उजव्यावर बसत नाही. ते उलटवायचं आणि एक पाऊल पुढे सरकवायचं, मग बसतं, आणि तरीही लांबी-रुंदी तीच.

(परत सडा, ड्रोन वर जातोय)

इथे मात्र गोष्ट बदलते. उंची दुप्पट झाली की चित्रातली लांबी निम्मी होते आणि क्षेत्रफळ पावपट. कोन मात्र तेच, प्रमाणही तेच, म्हणजे हत्ती समरूप आहे पण एकरूप नाही.

(मुलं आणि सुतळी)

ह्या मुलांनी हेच कागदावर केलंय आणि आम्हाला तर हाच भाग सगळ्यात जास्त आवडला. चित्रावर पाय न ठेवता कडेने सुतळ्या ताणल्यात, आडव्या-उभ्या, एक मीटरचा एक चौकोन. कागदावर तोच चौकोन ५ सेंटीमीटरचा, म्हणजे वीसपट लहान. मग एकजण बघून सांगते की रेघ चौकोनाच्या डाव्या कडेला खालून एक तृतीयांश उंचीवर शिरते आणि वरच्या कडेला मधोमध बाहेर पडते, दुसरा पेन्सिलने तेवढंच काढतो, की पुढचा चौकोन. असं करत करत १८ मीटरचा हत्ती ९० सेंटीमीटरच्या कागदावर येतो, आणि कुठेही शंका आली की टेप लावून तपासायचं, कागदावर १० सेंटीमीटर भरलं तर कातळावर २ मीटर भरलंच पाहिजे.

(मोबाईल, उभ्या माणसाच्या उंचीवरून)

आणि हा आपण सगळे काढतो तसा फोटो, तिरका. सुतळ्या खऱ्या समांतर आहेत, इथे लांब जाऊन जवळ यायला लागल्यात, जवळचा चौकोन मोठा, लांबचा बारका, काटकोन गेले. सरळ रेघ मात्र सरळच राहिली, ते टिकलं. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी १८७२ मध्ये भूमितीकडे बघायची हीच दिशा दिली, की कुठला बदल केल्यावर काय टिकतं ते आधी विचारा.

पण हा फोटोही वाया जात नाही. सपाट जागेवर चार खुणा हव्यात, कुठल्याही तीन एका रेषेत नकोत, त्यांची खरी अंतरं मोजलेली हवीत, मग कॉम्प्युटर तिरका फोटो सरळ करून देतो, बघा, चौकोन परत चौरस झाले. तीन खुणांवर हे होत नाही. तीन पुरतात ते नुसतं फिरवून, सरकवून किंवा उलटवून जुळवायचं असेल तेव्हा.

२०२२ मध्ये कोकणातली ९ ठिकाणची कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, कशेळी त्यात आहे. बाकी कितीतरी चित्रं उघड्या सड्यावर आहेत, आणि चिरेखाणीला, म्हणजे बांधकामाचे चिरे कापायला, कातळ दिला की चित्रही गेलं.

(मुलं खुणा मांडतायत)

सड्यावर जाणार असाल तर चित्राच्या बाहेर चार खुणा ठेवा, त्यांच्यातली सहाही अंतरं टेपने मोजून वहीत लिहा आणि मगच फोटो काढा.