चोच दिली, चाराही दिला

मंडळी, ओळख करून देताना अध्यक्षांनी मला 'मोरांचे तज्ज्ञ' म्हटलं. तेवढी एक दुरुस्ती करतो. मोरात तज्ज्ञ होण्यासारखं फार काही नसतं. तो हंगामात पिसारा फुलवतो, ओरडतो आणि हंगाम सरला की पिसं गाळून मोकळा होतो. अंड्यांवर बसत नाही, पिल्लांकडे ढुंकून बघत नाही. सगळं निस्तरते ती लांडोर. आणि तिला आपण नाव काय दिलं? लांडा मोर, म्हणून लांडोर! जे तिच्यापाशी नाही त्यावरून बारसं. तीस वर्षं हा शब्द तोंडात आहे, अजूनही उच्चारताना जरा ओशाळायला होतं.

पत्रिकेत विषय छापलाय 'मोराची पैदास आणि पिल्लांच्या अडचणी'. तापमान, आर्द्रता, रोग, सगळं सांगणार आहे, टिपणं काढून आणलीत. त्याआधी दोन गोष्टी उरकून घेतो. पहिली, अश्रू. नाही, मोराचे अश्रू पिऊन लांडोर अंडी देत नाही. मीलन इतर पक्ष्यांसारखंच होतं, काही सेकंदांत आटोपतं, म्हणून कुणाच्या नजरेला पडत नाही इतकंच. २०१७ साली एका न्यायमूर्तींनीही अश्रूंचीच कथा सांगितली होती, तेव्हा तुम्ही संकोच करू नका. दुसरी गोष्ट, हे घरी करून बघायचं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोर पाळता येत नाही. मी बोलतोय ते परवानगी असलेल्या पक्षीगृहातलं, जिथे माझी नोकरी झाली.

आता आपण म्हणतो ना, चोच दिली तो चाराही देईल. ही म्हण ज्याने केली त्याने मोराची पिल्लं वाढवलेली नसणार.

नोकरीचं दुसरं वर्ष. लांडोर साधारण एक दिवसाआड अंडं घालते. चार ते आठ जमली की बसते. पण अंडी उचलत राहिलं की घालत राहते, म्हणून आम्ही उचलायचो आणि अंडी उबवायच्या यंत्रात ठेवायचो. त्या खेपेला बारा ठेवली होती. अठ्ठाविसाव्या रात्री मी यंत्राच्या काचेला नाक लावून बसलो. आतून टिचकी बसते, कवचावर एक बारीकशी चांदणी उमटते, आणि मग तासन्‌तास काहीच होत नाही. त्या तासांत माणूस देवधर्माला लागतो. सकाळपर्यंत आणि मग दुपारपर्यंत मिळून नऊ पिल्लं निघाली. तपकिरी, ओली, पंखांना पिसं फुटलेलीच. साहेबांना मी स्वतः जाऊन बोलावून आणलं. पसरट ताटलीत बारीक दळलेलं खाद्य, शेजारी पाणी, वर उबेचा दिवा. चोच होती. चारा होता.

तीन दिवस उत्तम. पिल्लू बाहेर येण्याआधी अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस निघतात. चौथ्या दिवशी एक कोपऱ्यात डोळे मिटून उभं. पाचव्या दिवशी तीन गेली, सहाव्या दिवशी दोन. मी पाण्यात औषध घातलं, औषध बदललं, दिवा खाली घेतला, परत वर नेला. डॉक्टरांनी एक पिल्लू उघडून बघितलं, तर पोट रिकामं. पायांच्या बोटांना खाद्य चिकटलेलं होतं हो! खाद्यात उभी राहून उपाशी मेली.

पलीकडच्या पिंजऱ्यात एका लांडोरीने आमच्या नकळत गवताआड तीन अंडी उबवली होती. तिच्याबद्दल माझ्या वहीत माझ्याच अक्षरात नोंद आहे, "आई पिल्लांना खाऊ देत नाही." कारण मला दिसायचं ते असं. ती किडा उचलायची, पण गिळायची नाही. मान खाली घालून चोचीच्या टोकाशी धरून उभी राहायची. पिल्लू जवळ आलं तरी टाकायची नाही. ते टाचा उंचावून, हिसका देऊन ओढून घ्यायचं. मी म्हटलं, काय हावरट बाई आहे. सहाव्या दिवशी, ती दोन मेलेली पिल्लं हातात असताना, डोक्यात उजेड पडला की ती भरवतेय. मोराचं पिल्लू सुरुवातीला घास शोधतं ते जमिनीवर नाही, वर, चोचीच्या टोकाशी. आणि माझी पिल्लं मान वर करून दिव्याकडे बघायची. मी समजत होतो, ऊब घेतायत.

उरली होती चार. मी चिमटा आणला, त्यात पिठातली अळी धरली आणि पिल्लाच्या डोळ्यांच्या जरा वर नेली. पहिली वीसेक मिनिटं तसाच उकिडवा बसलो होतो. मग एकाने हिसका दिला. त्याचं बघून दुसऱ्याने. मग चिमटा रोज बोटभर खाली आणत ताटलीपर्यंत नेला आणि टोकाने खाद्यावर टकटक केलं. दोन-तीन दिवसांत आपली आपण टोचायला लागली. चौघंही जगली. सहकारी मात्र मला पुढे कित्येक वर्षं 'लांडोरबाई' म्हणायचे.

आई नसली की फक्त पोटाचंच बिघडतं असं नाही. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कॉनराड लॉरेन्झने सांगितलेली, व्हिएन्नाच्या शोनब्रुन प्राणिसंग्रहालयातली हकीकत आहे. पहिल्या महायुद्धानंतरचे दिवस. थंडीने पांढऱ्या मोराची सगळी पिल्लं गेली, एक वाचलं. ऊब कुठे, तर महाकाय कासवांच्या दालनात. तिथे ठेवलं. मोठा झाल्यावर या गृहस्थाने जन्मभर पिसारा फुलवला तो फक्त कासवांपुढे! लांडोरी समोर असून त्याला दिसेनात. कासवांचं मत काय होतं, नोंद नाही. (हशा)

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं, टिपणं झरझर वाचतो.

अंडं साधारण शंभर ग्रॅमचं धरा. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस. अंडं रोज फिरवायचं, शेवटचे तीन दिवस फिरवायचं नाही. दहाव्या दिवसाच्या सुमारास दिव्यावर धरून बघा. रक्तवाहिन्यांचं जाळं नसेल तर काढून टाका. आर्द्रतेचा आकडा पाठ करू नका, अंडी वजन करा. कवच फोडायला लागेपर्यंत वजन १३ ते १५ टक्के उतरलं पाहिजे. कमी उतरलं तर हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू आत गुदमरतं. जास्त उतरलं तर कवचाच्या आतला पापुद्रा अंगाला चिकटतो. फिरवणं थांबवलं की आर्द्रता वाढवा.

पहिल्या चांदणीपासून बाहेर येईपर्यंत एक दिवस, कधी जास्तही लागतो. मदत करायची नाही. पापुद्र्यात रक्त वाहत असतं, बलक पूर्ण आत गेलेला नसतो. हे मला कसं कळलं ते विचारू नका.

पिल्लांना पहिला आठवडा ३५ अंश, मग आठवड्याला तीनेक अंश कमी. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. वरून जाळी हवीच, आठवड्याच्या आत उडतात.

कोंबडीबद्दल कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगतो. खुडूक कोंबडी मोराची अंडी झकास उबवते. पण तिच्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांतून हिस्टोमोनास नावाचा परजीवी पसरतो. गांडुळं ती अंडी पोटात बाळगतात. कोंबडीला सहसा काही होत नाही, मोराचं पिल्लू यकृत सडून मरतं. विष्ठा गंधकासारखी पिवळी दिसली की उशीर झालेला असतो. खायला शिकवायला कोंबडीचं पिल्लू सोबत ठेवायचं तर ते यंत्रात निघालेलं, मातीला पाय न लागलेलं हवं. जंताचं औषध... हो हो, उठतो. चिमटा पिशवीत आहे, ज्यांना बघायचाय त्यांनी खाली या.