काचेची झडप

नमस्कार श्रोतेहो. मी मालवणच्या बाजारात फ्रेमी करून देणारा माणूस. चित्रकार नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर घरी थट्टा होते. तीस वर्षं पट्टी कापतोय, काच कापतोय, मागे प्लाय ठोकतोय. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. गेलेल्यांची फ्रेम बाराव्याच्या आत द्यावी लागते, म्हणून ते काम पहिलं. चित्रं मधल्या वेळात.

आज बोलायचंय ते दोन चित्रकारांनी मिळून भरवलेल्या प्रदर्शनाबद्दल. दोघांची तऱ्हा एकमेकांच्या अगदी उलट. असं प्रदर्शन कसं उभं राहतं, ते मी खिळे मारणाऱ्याच्या जागेवरून पाहिलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की डाव्या भिंतीवर एकाची चित्रं आणि उजव्या भिंतीवर दुसऱ्याची, याला संयुक्त प्रदर्शन म्हणू नये. एका घरात दोन चुली मांडल्या तर त्याला आपण एकत्र कुटुंब म्हणतो का?

आपल्या किनाऱ्याने दोन्ही टोकांची माणसं दिलीत. सावळाराम हळदणकर सावंतवाडीचे, जन्म 1882. हातात दिवा घेतलेली, ज्योतीपुढे तळवा धरलेली ती बाई आठवते ना? कॅलेंडरवर नक्की पाहिली असणार. लोक ते चित्र राजा रविवर्म्याचं समजतात. ते हळदणकरांचं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे. पुन्हा सांगतो, जलरंगातलं! बोटांच्या फटींतून येणारा तो तांबूस उजेड पाण्याच्या रंगात. दुसरं टोक प्रभाकर बरवे. अलिबागजवळच्या नागावात 1936 साली जन्मले. त्यांच्या चित्रात एखादं पान, एखादं घड्याळ, आणि भोवती मोकळी जागा. हे दोघे एका भिंतीवर आले असते तर माझ्यासारख्याची झोप उडाली असती.

परदेशात असं झालंय. न्यूयॉर्कला 1985 साली अँडी वॉरहॉल आणि जाँ-मिशेल बास्किया या दोन चित्रकारांनी एकाच कॅनव्हासवर मिळून केलेल्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. वॉरहॉल सत्तावन्न वर्षांचा, बास्किया चोवीसचा. वॉरहॉलने आधी कंपन्यांची चिन्हं रंगवायची आणि बास्कियाने त्यांवरून आपली चित्रं काढायची. जाहिरातीत दोघं मुष्टियुद्धाचे हातमोजे घालून उभे. समीक्षकांनी तेव्हा झोडपलं. पण एकाने दुसऱ्याच्या रंगावरून ब्रश फिरवला, हे महत्त्वाचं. चूल एकच होती.

आता आमचं. आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. नावं सांगत नाही, दोघंही रेडिओ ऐकतात. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. आयुष्यभर जलरंग. कौलं, माड, होड्या, पागोळ्या. त्यांच्या चित्रातला पाऊस बघून माणूस छत्री शोधतो. दुसरी मुंबईत शिकून गावी परतलेली मुलगी. ती जांभ्याची भुकटी चाळणीने चाळून ॲक्रिलिक रंगात कालवायची. चित्रात ना माड ना होडी. नुसते थर. लोक म्हणायचे, आमचा नातूपण काढील. मला या वाक्याचा फार राग येतो. काढील तर काढू द्या की! तुमच्या नातवाला तुम्ही कधी रंगाची पेटी घेऊन दिलीत? मोबाइल घेऊन दिलात.

असो. मे महिना, चाकरमानी गावात, वाचनालयाचा हॉल तीन दिवसांसाठी मिळाला. भिंती अर्ध्या अर्ध्या वाटून झाल्या. मी म्हटलं, हे काही खरं नाही, एक चित्र दोघांनी मिळून करा. मास्तर हसले. ती म्हणाली, चालेल. विषय ठरला देवबागेच्या बाजूची कर्लीची खाडी, ओहोटीच्या वेळची. कागद मोठा, जाड, माझ्याच दुकानाच्या माळ्यावर फळीला ताणून चिकटवलेला. मास्तरांनी सकाळी यायचं, तिने संध्याकाळी. एकाने दुसऱ्याचं झाकायचं नाही, एवढाच नियम.

इथे जरा थांबतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. जलरंगात फिका रंग आधी आणि गडद नंतर. पांढरा रंग सहसा लावत नाहीत. पांढरं म्हणजे कोरा कागद, तो राखून ठेवायचा. जाड रंगात उलट. गडद आधी, आणि पांढरा अगदी शेवटी, वरून. म्हणजे मास्तरांचा उजेड आधीपासून कागदात असतो आणि तिचा शेवटी येतो. मास्तर तर ट्यूबमधल्या पांढऱ्या रंगाला हातही लावत नाहीत. म्हणतात, भजीत सोडा घालणाऱ्यातला मी नव्हे.

तीन दिवस छान गेले. मास्तरांनी चिखल काढला, कांदळवन काढलं, मुळे, म्हणजे शिंपले, वेचणाऱ्या वाकलेल्या बायका काढल्या. मध्ये तळहाताएवढी जागा कोरी ठेवली. ओहोटीनंतर चिखलावर पाणी थोडं उरतं आणि उन्हात लखलखतं, ती ही जागा. संध्याकाळी ती आली. तिने बघितलं, एवढंच राहिलंय. आणि त्या तळहाताएवढ्या जागेत जांभ्याचा लाल रंग भरून मोकळी झाली. नियम मोडला नाही हो! कोऱ्या कागदावरच भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर माळ्यावर चढले आणि बराच वेळ खाली उतरले नाहीत. मी चहा घेऊन वर गेलो. ती पण तेवढ्यात आली. मास्तर तिच्याकडे न बघता हळूच म्हणाले, “तो उजवाड होतो गो, बाय.” म्हणजे, तो उजेड होता.

ती म्हणाली, “सर, मला वाटलं राहून गेलं.”

पुढे चार दिवस मास्तर फिरकले नाहीत. ॲक्रिलिक एकदा सुकलं की पाण्याने निघत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. ती रोज संध्याकाळी यायची, बसायची, ब्रश न लावता जायची. पाचव्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मास्तर दारात उभे. खिशात दाढीचं पातं. वर गेले आणि त्या लाल डागाला खरवडायला बसले. जलरंगवाले असं करतात, कागदाचा वरचा पापुद्रा काढून खालचं पांढरं वर आणतात. पण तिचा रंग कागदाच्या दाण्यात गेलेला. अर्धं पांढरं उघडं पडलं, अर्धं लाल चिकटून राहिलं. आणि तुम्हाला सांगतो, जुन्या घराच्या भिंतीचा गिलावा पडून चिरा दिसावा आणि त्यावर ऊन यावं, तसं काहीतरी ते झालं. खाडी राहिलीच, पण ती आता मास्तरांची नव्हती आणि तिचीही नव्हती. संध्याकाळी तिने बघितलं आणि म्हणाली, “आता कोणी हात लावायचा नाही.” मास्तरांनी पातं कागदात गुंडाळून खिशात ठेवलं.

संपलं असं मला वाटलं. पण खरं भांडण तर फ्रेमीचं! जलरंगाला काच लागते. मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, लागतो; त्याने काच कागदाला टेकत नाही, नाहीतर आपल्या पावसात कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरते. तिचं म्हणणं, काचेमागे माझा रंग मेल्यासारखा दिसतो, भुकटीचा खरखरीतपणाच जातो. दोघंही बरोबर. आणि प्रदर्शन परवा.

मी फणसाच्या लाकडाची खोल चौकट केली आणि काचेला दिल्या बिजागऱ्या. खिडकीची झडप असते तशी. पितळी बिजागरी त्या दिवशी बाजारात नव्हती, लोखंडी लावल्या. तीनही दिवस असं चाललं होतं, की ती यायची, झडप उघडायची. मास्तर यायचे, लावून घ्यायचे. बोलायचे नाहीत. बघणारे मात्र दोन्ही वेळा थांबायचे, उघडी असताना एकदा आणि लावल्यावर एकदा. बाकीच्या भिंतींसमोर एवढं कोणी थांबलं नाही, हे मी दाराशी बसून मोजलंय. एक गृहस्थ मात्र मला बाजूला घेऊन विचारतात, “ह्या कपाट विकूचा असा काय?”

चित्र कोणी घरी नेलं नाही. मास्तर म्हणाले, तिचं आहे. ती म्हणाली, सरांचं आहे. म्हणून ते माझ्या दुकानात गल्ल्याच्या वर आहे. दर वर्षी मृगाच्या आधी मास्तरांचा फोन येतो, “काच बंद केलंस मां?” आणि दसरा झाला की तिचा, “उघडलीत ना?” मी दोघांना हो म्हणतो.

यंदा मात्र घोळ झालाय. खाऱ्या हवेने बिजागरी गंजली आणि झडप अर्धी उघडी अशी अडकून बसली आहे. पुढेही येत नाही, मागेही जात नाही. दोघांना अजून सांगितलेलं नाही. मास्तर, ऐकत असाल तर खोबरेल सोडलंय, उद्या परत बघतो. नमस्कार.