द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन: भरजरी कोट आणि १६४ वा क्रमांक

(दृश्य: अल्बमचं मुखपृष्ठ)

मोजावेचं वाळवंट. त्यात उभे असलेले एका अमेरिकन बँडचे तरुण, अंगात भरतकामाचे कोट. कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण धाटणीचं संगीत) गाणारे गायक स्टेजवर घालायचे ते चमचमते पोशाख ज्या दुकानातून यायचे, त्याच नुडी कोन या शिंप्याच्या नॉर्थ हॉलिवूडमधल्या दुकानात हे कपडे शिवले गेले. फक्त या गिऱ्हाइकांची फर्माईश निराळी होती. गायक ग्रॅम पार्सन्सच्या पांढऱ्या कोटावर मॅन्युएल क्वेव्हास या मेक्सिकन कारागिराने अफूची फुलं, गांजाची पानं आणि नशेच्या गोळ्या भरल्या. पाठीवर मात्र भला मोठा क्रूस! त्याचा गाण्यातला जोडीदार ख्रिस हिलमनकडे मोर, बेस वाजवणाऱ्या ख्रिस एथ्रिजकडे गुलाब, आणि पेडल स्टील गिटार वाजवणाऱ्या स्नीकी पीट क्लाइनाउच्या छातीवर पंख पसरलेला टेरोडॅक्टिल, म्हणजे डायनासोरच्या काळातला उडता प्राणी.

बँडचं नाव फ्लाइंग बरीटो ब्रदर्स. त्यांचा हा पहिला अल्बम, ‘द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन’, फेब्रुवारी १९६९ मध्ये ए अँड एम रेकॉर्ड्सने काढला.

(दृश्य: व्हिएतनाम युद्धाच्या काळातली अमेरिका, निदर्शनं)

त्या अमेरिकेत कोण काय ऐकतो, त्यावरून तो कोणाच्या बाजूचा हे ठरायचं. कंट्री म्हणजे चर्च, गाव, झेंडा. रॉक म्हणजे लांब केस आणि युद्धाला विरोध. मार्च १९६८ मध्ये पार्सन्स आणि हिलमन ‘द बर्ड्स’ या बँडमधून कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये, ग्रँड ओल ऑप्री या मानाच्या कार्यक्रमात गायले, तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली होती. काही महिन्यांतच बर्ड्सच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या तोंडावर पार्सन्स बाहेर पडला. वर्णभेदी देशात गाणार नाही, हे त्याने दिलेलं कारण. हिलमन भडकला. पण त्याच वर्षी दोघांचं पुन्हा जमलं, आणि लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात एका भाड्याच्या घरात बसून त्यांनी गाणी लिहिली.

‘सिन सिटी’ त्यातलंच. चाल थेट जुन्या कंट्रीतल्या भावांच्या जोडगोळ्यांची, दोन आवाज एकमेकांना बिलगून चाललेले. शब्दांत मात्र लॉस एंजेलिसचा पैसा, आणि या शहरावर देवाचा कोप होणार ही खात्री. ‘माय अंकल’मध्ये एका तरुणाला सैन्यभरतीचं पत्र येतं आणि तो सरहद्द ओलांडून पळायचं ठरवतो. सोबत हिलमनचं खेळकर मँडोलिन. झेंड्याला सलाम करणाऱ्यांच्या सुरात सैन्यभरतीतून पळ काढण्याचं गाणं! माझ्या मते सगळ्या अल्बममधली सर्वांत धीट खेळी हीच.

आणखी एक खेळी लवकर लक्षात येत नाही. ‘डू राइट वूमन’ आणि ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ ही डॅन पेन आणि चिप्स मोमन यांची सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन गायकीतली गाणी. पहिलं अरीथा फ्रँकलिनने गायलेलं, दुसरं जेम्स कारने. जॉर्जियात वाढलेल्या पार्सन्सने ती कंट्रीच्या अंगाने गायली, आणि ती उपरी वाटतच नाहीत.

(दृश्य: पेडल स्टील गिटारवर फिरणारी पट्टी)

आता क्लाइनाउ. पेडल स्टील म्हणजे हवाईयन गिटारचाच पुढचा अवतार. आपल्या रेडिओवर व्हॅन शिप्लेंनी हवाईयन गिटारवर वाजवलेली सिनेमाची गाणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना तिची मींड ओळखीची वाटेल. नॅशव्हिलमध्ये ती हुंदक्यासारखी, मागे राहून वाजायची. क्लाइनाउने ती फझच्या, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या पेटीतून काढली आणि पुढे आणून बसवली. ‘क्रिस्टीन्स ट्यून’ ऐका: स्टील गुरगुरते, ओरखडे काढते. जी जागा इलेक्ट्रिक गिटारची, ती हिने बळकावली आहे.

सगळंच जमलंय असं नाही. कायमचा ड्रमर नव्हता, त्यामुळे गाण्यागणिक माणूस बदलला आणि ताल कुठे कुठे ढिला पडला. शेवटचं, बोलून सादर केलेलं ‘हिप्पी बॉय’ ताणलेलं वाटतं. पण ‘हॉट बरीटो नंबर १’मध्ये पार्सन्सचा आवाज जिथे फाटतो, तिथे या तक्रारी विसरायला होतं.

(दृश्य: धावती आगगाडी)

पार्सन्सला विमानाची धास्ती. म्हणून दौरा आगगाडीने. डब्यात पोकरचे डाव रंगले, पैसा उडाला, आणि अल्बम बिलबोर्ड या नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत १६४ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. पार्सन्सने १९७० मध्ये बँड सोडला. सप्टेंबर १९७३ मध्ये जोशुआ ट्री इथल्या एका मोटेलमध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, तो गेला.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी बँडमध्ये आलेला बर्नी लेडन पुढे ईगल्स या बँडच्या संस्थापकांत होता. कंट्री आणि रॉकच्या याच मिश्रणाला घासूनपुसून ईगल्सने अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा अल्बम दिला.

आणि क्लाइनाउ? तो मुळात बाहुल्यांच्या ॲनिमेशनमधला माणूस, ‘गम्बी’ या मालिकेवर काम केलेला. तो पुन्हा त्याच धंद्यात शिरला. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आणि ‘द टर्मिनेटर’ या सिनेमांच्या स्पेशल इफेक्ट्सवर त्याने काम केलं.